तुटलेला स्पार्क प्लग आणि दुरुस्तीचा हक्क: गाडी तुमची, मग माहिती कुणाची?

३ मे २०२५ रोजी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे एक अहवाल आला. अतिरिक्त सचिव भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्यात ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’ सुचवला आहे. वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग किती लवकर आणि कितीला मिळतात, दुरुस्तीची माहिती दिली आहे का, यावर गुण द्यायचे. फ्रिजवर विजेच्या बचतीचे तारे असतात ना, तसंच काहीसं. हे गुण दुकानात, ऑनलाइन खरेदीच्या पानावर आणि बॉक्सवरच्या क्यूआर कोडमध्ये दिसावेत, अशी शिफारस आहे. सुरुवात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून.

टेक चॅनेल्सनी बातमी केली, आपण ती फॉरवर्ड केली आणि विषय संपला. पण एक गोष्ट सुटली. जुलै २०२२ मध्ये याच विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली तेव्हा चार क्षेत्रं ठरली होती: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. इंडेक्समध्ये मोबाइल आला. गाडी मागे राहिली.

गाडीचं काय अडलंय, असं तुम्ही म्हणाल. गल्लीत गॅरेज आहेच की. म्हणून आज आपण एक अगदी छोटी वस्तू घेऊ, बोटभर लांबीचा स्पार्क प्लग. तो इंजिनच्या आत तुटला तर काय होतं, तो काढायचा कसा, आणि काढणाऱ्याच्या हातात कोणती माहिती असते किंवा नसते, एवढंच बघू. दुरुस्तीचा हक्क म्हणजे नेमकं काय, हे त्यातून कायद्याच्या भाषेपेक्षा सोपं कळतं.

आधी प्लग समजून घेऊ

पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनमध्ये इंधन आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडते. ती ठिणगी पाडणारा तो स्पार्क प्लग. बॅटरी १२ व्होल्टची, पण इग्निशन कॉइल तो दाब वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत चढवते. ३००० आरपीएमवर गाडी चालली असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला १५०० ठिणग्या टाकतो, म्हणजे सेकंदाला २५.

प्लगचे तीन भाग लक्षात ठेवा. वर पांढरी चिनी माती असते, ती वीज बाहेर जाऊ देत नाही. मध्ये षटकोनी धातूचा भाग, जिथे पाना बसतो. खाली आटे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चुडी. ही चुडी इंजिनच्या हेडमध्ये बसते. प्लग लोखंडाचा म्हणजे स्टीलचा, आणि हेड आजच्या जवळपास सगळ्या गाड्यांत अॅल्युमिनियमचं.

गोम इथेच आहे. गरम झाल्यावर अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. शिवाय ते मऊ असतं. दोन वेगळे धातू, त्यांच्यात ओलावा आणि रोजचं तापणं-थंड होणं. काही वर्षांत चुडी जाम होते. मग कुणी जोर लावला की दोनपैकी एक गोष्ट होते: प्लग तुटतो, किंवा हेडची चुडी प्लगसोबत उखडून बाहेर येते.

तुटण्याचेही प्रकार आहेत. फक्त वरची चिनी माती फुटली तर काळजीचं कारण कमी, कारण षटकोन शाबूत असतो आणि पाना बसतो. षटकोनच तुटून हातात आला आणि चुडीचा भाग हेडमध्ये राहिला, तर खरं काम निघालं. आणि टोकाचा भाग तुटून सिलिंडरमध्ये पडला, तर त्यानंतर गाडीला एकदाही स्टार्टर मारायचा नाही.

मुंबईत हे जास्त का होतं?

पहिलं कारण पाऊस आणि खारी हवा. नव्या इंजिनांत प्लग एका खोल नळीत असतो आणि वर कॉइल बसलेली असते. कॉइलचं रबर जुनं झालं की पावसाचं किंवा वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाचं पाणी त्या नळीत उतरतं आणि तिथेच साचून राहतं. बाहेरून काही दिसत नाही. आत प्लगचा षटकोन गंजत असतो. अंधेरीच्या सबवेतून किंवा मिलन सबवेतून गुडघाभर पाण्यातून काढलेल्या गाड्यांची तर वेगळीच कथा.

दुसरं कारण सीएनजी. मिथेनच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लगचं टोक लवकर झिजतं. म्हणूनच बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये सीएनजीसाठी प्लग बदलण्याचा कालावधी वेगळा दिलेला असतो. पण रोज घाटकोपर ते विमानतळ अशा फेऱ्या मारणारा कॅबवाला तो कालावधी पाळतोच असं नाही. गाडी एक दिवस उभी म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली आणि कर्जाचा हप्ता मात्र तसाच. तो गाडी ‘मिसिंग’ मारेपर्यंत चालवतो. तोवर प्लग हेडमध्ये घट्ट बसलेला असतो.

हा मुद्दा पुढच्या काही वर्षांत वाढणार आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या सुनावणीत, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाड्याच ठेवता येतील का, हे तपासायला सांगितलं. राज्य सरकारने त्यासाठी सात जणांची समितीही नेमली. सीएनजी वाढला म्हणजे स्पार्क प्लग काही जात नाही. उलट त्याच्यावरचा ताण वाढतो.

तिसरं कारण माणसांचं. प्लग बसवताना टॉर्क रेंच न वापरता अंदाजाने आवळणं. १४ मिलिमीटरचा, वॉशर असलेला प्लग अॅल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. १२ मिलिमीटरचा १५ ते २० ने, आणि १० मिलिमीटरचा जेमतेम १० ते १२ ने. नव्या गाड्यांत प्लग बारीक होत चाललेत. ज्या हाताला जुन्या जाड प्लगची सवय आहे, तो हात बारीक प्लगला सहज दुप्पट आवळतो. आवळताना काहीच कळत नाही, चार वर्षांनी काढताना कळतं.

आणि ई२० पेट्रोल? हा प्रश्न हल्ली प्रत्येक गाडीच्या चर्चेत येतोच. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ई२० विरुद्धची जनहित याचिका फेटाळली, तरी व्हॉट्सअॅपवर वाद चालूच आहे. मायलेज आणि जुन्या गाड्यांतले रबरी भाग याबद्दलच्या शंका वेगळ्या. पण प्लग हेडमध्ये तुटला, याचं खापर थेट इथेनॉलवर फोडता येत नाही. चुडी जाम होते ती गंज, कार्बन आणि चुकीच्या आवळण्यामुळे. ‘ई२० मुळे झालंय साहेब’ असं कुणी म्हणालं, तर कसं ते विचारा.

तुमचा फोन इथपर्यंत सांगू शकतो

गेल्या दहा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीत स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचा एक सॉकेट असतो, ओबीडी पोर्ट. त्यात काही शे रुपयांचा ब्लूटूथ अॅडॉप्टर लावला आणि फोनवर अॅप टाकलं की इंजिनचा कॉम्प्युटर काय म्हणतोय ते दिसतं. पी०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा ज्वलन चुकतंय. पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात. पी०३०० म्हणजे कुठेही, ठरावीक नाही.

मी रोज सॉफ्टवेअरचे एरर लॉग वाचतो, म्हणून मला हे ओळखीचं वाटतं. लॉगने जागा सांगितली, कारण सांगितलं नाही. पी०३०२ चं कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल किंवा झडपही असेल. गॅरेजवाला काय करतो? दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावतो आणि बघतो. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर प्लगकडे बघायचं. आम्ही ऑफिसात बग असाच शोधतो, एका वेळी एकच गोष्ट बदलून.

पण इथे एक दार बंद होतं. इंजिनचे हे साधे कोड सगळ्या कंपन्यांना ठरावीक पद्धतीने उघडे ठेवावे लागतात, कारण त्यांचा संबंध प्रदूषणाशी आहे. त्यापलीकडचं बरंच काही, म्हणजे कंपनीचे स्वतःचे कोड, नवा भाग बसवल्यावर करायचं कोडिंग, कंपनीने मेकॅनिकसाठी काढलेली दुरुस्तीची पत्रकं, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या लॉगिनमागे असतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तुम्हाला जवळपास कुठल्याही गाडीचा सुटा भाग मिळेल. ते लॉगिन मिळणार नाही.

तुटलेला प्लग काढतात कसा

आता प्रत्यक्ष काम. हे वाचून पाना हातात घ्या असं मी म्हणणार नाही. पण पायऱ्या माहीत असतील, तर समोरचा माणूस घाई करतोय की काळजी घेतोय हे तुम्हाला कळेल.

एक. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं. गरम अॅल्युमिनियमची चुडी लवकर उखडते. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद.

दोन. नळीतली धूळ, वाळू, पाणी हवेच्या प्रेशरने उडवायचं. डोळ्यांवर गॉगल. ही पायरी सोडली तर प्लग निघाल्याबरोबर सगळा कचरा सिलिंडरमध्ये.

तीन. गंज सोडवणारं तेल चुडीपर्यंत पोहोचेल असं टाकायचं आणि थांबायचं. खरं काम या थांबण्यात आहे. पंधरा मिनिटं, काही वेळा रात्रभर. संध्याकाळपर्यंत गाडी द्यायचीय म्हणून हीच पायरी सगळ्यात आधी कापली जाते.

चार. आत उरलेली चिनी माती आणि मधला इलेक्ट्रोड आधी काढायचा. ही चिनी माती अॅल्युमिनाची असते आणि स्टीलपेक्षा कितीतरी कठीण. तिचा एक कण पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये गेला तर भिंतीवर ओरखडे पडतात. म्हणून व्हॅक्यूमची बारीक नळी सतत लावून ठेवायची.

पाच. आता पोकळ झालेल्या तुकड्यात एक्स्ट्रॅक्टर ठोकायचा. त्याला गॅरेजमध्ये ‘इझी-आउट’ म्हणतात. हा निमुळता, उलट्या आट्यांचा असतो. डावीकडे फिरवत गेलं की तो तुकड्यात अधिकाधिक रुततो आणि तुकड्यालाच सोबत फिरवतो. टोकाला ग्रीस लावायचं, म्हणजे कण त्याला चिकटून बाहेर येतात. पाव फेरा सोडवायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा सोडवायचा. एकदम जोर लावला आणि इझी-आउटच आत तुटला तर मोठी पंचाईत, कारण तो टणक स्टीलचा असतो आणि त्याला साध्या ड्रिलने भोक पडत नाही.

सहा. तुकडा निघाल्यावर आत बघायचं. इथे पुन्हा फोन कामाला येतो. यूएसबी-सी ला लागणारा, वाटाण्याएवढ्या डोक्याचा एंडोस्कोप कॅमेरा ऑनलाइन हजारभर रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. तो प्लगच्या भोकातून आत सोडला की पिस्टनचं डोकं फोनच्या स्क्रीनवर दिसतं. एखादा तुकडा पडलाय का, भिंतीवर रेघ आहे का, सगळं. ते रेकॉर्ड करून ठेवा.

सात. चुडी शाबूत असेल तर नवा प्लग आधी हाताने बसवायचा, आणि शेवटी टॉर्क रेंच. चुडी गेली असेल तर भोक थोडं मोठं करून त्यात स्टीलच्या तारेची नवी चुडी बसवतात, तिला ‘हेलिकॉइल’ म्हणतात. आणि तेही जमलं नाही तर हेड उतरवून लेथवाल्याकडे. तिथून पुढे बिल कुठे जाईल सांगता येत नाही. गॅस्केट, कूलंट, टायमिंग, दोन-तीन दिवसांची मजुरी, सगळं आलं.

म्हणजे बघा, वस्तू काहीशे रुपयांची. योग्य क्रमाने काम झालं तर एका दिवसाचं काम. क्रम चुकला तर हेड उतरवायचं काम. दोन्हींतला फरक माहितीचा आहे, आणि त्या माहितीपायी लागणाऱ्या सबुरीचा.

कंपनीलाच माहिती लिहून काढावी लागली, त्याची गोष्ट

या प्रकाराचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फोर्डच्या २००४ नंतरच्या काही वर्षांतल्या पिकअप आणि एसयूव्हींमध्ये ५.४ लिटरचं, प्रत्येक सिलिंडरला तीन झडपा असलेलं इंजिन होतं. त्याचा प्लग दोन तुकडे जोडून केलेला आणि खालचं टोक लांब. त्या लांब टोकाभोवती कार्बन साचायचा. काढायला गेलं की वरचा भाग हातात आणि टोक आत. नेहमीच्या सर्व्हिसला गेलेला माणूस तुटलेला प्लग आणि मोठं बिल घेऊन परत यायचा.

फोर्डने २००८ मध्ये मेकॅनिकसाठी तांत्रिक पत्रक काढलं. त्यातली पद्धत अगदी साधी आहे. इंजिन थंड करा. प्लग फक्त एक अष्टमांश ते पाव फेरा सोडवा, जास्त नाही. नळीत अर्धा-पाऊण चमचा कार्ब्युरेटर क्लीनर टाका. किमान पंधरा मिनिटं थांबा. मग पुढे-मागे फिरवत काढा. तरीही तुटला तर कोणतं हत्यार कसं वापरायचं, तेही चित्रांसह. पुढे त्या प्लगवरून ग्राहकांनी कोर्टात दावेही लावले.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. अमेरिकेत कंपन्यांना अशी पत्रकं रस्ता सुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे द्यावी लागतात आणि ती संस्था लोकांसाठी ऑनलाइन ठेवते. म्हणून ते पत्रक डीलरपुरतं राहिलं नाही. गावातल्या गॅरेजपर्यंत पोहोचलं, त्यावर व्हिडिओ बनले, दुसऱ्या कंपन्यांनी खास हत्यारं काढली. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने तर कायदाच केला: डीलरला जी दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं मिळतात, ती मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजलाही रास्त किमतीत मिळाली पाहिजेत. दोन वर्षांत कंपन्यांनी तोच करार देशभर मान्य केला.

आपल्याकडेही निकाल आहे, आणि तो जुना आहे

बऱ्याच जणांना माहीत नसतं की भारताने हा विषय मोबाइलच्या आधी गाड्यांवरच तपासला. जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळत नाहीत, म्हणून अधिकृत सेंटरकडे जावंच लागतं, असं म्हणणं होतं. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती, चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने टाटा, मारुती, महिंद्रा, होंडा, टोयोटा यांच्यासह १४ कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड केला.

दंडाच्या आकड्याची बातमी झाली. आदेश मात्र त्याहून महत्त्वाचे होते. सुटे भाग आणि निदानाची साधनं सहज मिळतील अशी व्यवस्था करा. भाग बनवणाऱ्या पुरवठादारांना खुल्या बाजारात विकण्यापासून अडवू नका. स्वतंत्र गॅरेजवर निर्बंध घालू नका. आणि सगळ्यात उपयोगाचं: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट चालणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल.

कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निस्सानच्या बाबतीत आयोगाचे निष्कर्ष कायम ठेवले पण दंड कमी केला. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुसऱ्या कंपन्यांच्या याचिकांवर कायद्यातल्या बहुतेक तरतुदी वैध ठरवल्या. पण या सगळ्यात वर्षं गेली. ‘बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य काउंटरवर अजूनही तितक्याच सहज ऐकू येतं.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. कंपन्यांचे मॅन्युअल, वॉरंटीच्या अटी, सर्व्हिस सेंटर यांची माहिती एका ठिकाणी असावी हा हेतू, आणि तो चांगला आहे. पण मालकाचं मॅन्युअल वेगळं आणि वर्कशॉप मॅन्युअल वेगळं. पहिल्यात प्लग कधी बदलायचा ते असतं. किती टॉर्कने आवळायचा आणि अडकला तर काय करायचं, ते दुसऱ्यात. मुलुंडच्या गल्लीतल्या मेकॅनिकला दुसरं हवंय.

कंपन्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं आहे का?

नाही. नकली भाग ही खरी अडचण आहे. नामांकित कंपनीच्या नावाचे बनावट प्लग बाजारात असतात, आणि हलक्या प्लगची चिनी माती आत फुटली तर इंजिन जातं. अर्धवट माहितीने केलेलं काम धोक्याचं असतं हेही खरं. इलेक्ट्रिक गाडीत तर शेकडो व्होल्टची बॅटरी असते, तिथे कुणीही पाना घालावा असं मीही म्हणणार नाही.

पण उपाय माहिती लपवणं हा नाही. स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच मधला रस्ता दाखवला होता: कंपन्यांनी स्वतंत्र गॅरेजसाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची व्यवस्था करावी. एक साधं उदाहरण बघा. बरेच मेकॅनिक प्लगच्या चुडीला जाम होऊ नये म्हणून अँटी-सीझ ग्रीस लावतात. चांगल्या हेतूने लावतात. पण एनजीकेसारखी प्लग बनवणारी कंपनी सांगते की आमच्या प्लगवर आधीच थर दिलेला असतो, ग्रीस लावू नका. कारण ग्रीसने चुडी निसरडी होते आणि त्याच टॉर्कला प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. ही एक ओळ ज्याला कळली, त्याने पुढचे शंभर प्लग नीट बसवले. ज्याला कळली नाही, तो काळजी घेता घेता नुकसान करत राहिला. माहिती उघडी ठेवली तर सुरक्षितता वाढते, ती अशी.

जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचं बॉनेट उघडलं की प्लग समोर दिसायचे. ड्रायव्हर स्वतः प्लग काढायचा, पॉलिश पेपर मारायचा आणि पुन्हा बसवायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली. ती इंजिनं परत यावीत असं कुणी म्हणत नाही, धूर आपण सगळ्यांनीच खाल्लाय. पण त्या इंजिनात जे बघून कळायचं, ते आता वाचून कळतं. म्हणूनच वाचायला मिळणं महत्त्वाचं झालंय.

तुम्ही आजपासून काय करू शकता

घरातल्या गाडीच्या मॅन्युअलचं पीडीएफ फोनमध्ये ठेवा आणि प्लग बदलायचा कालावधी शोधा. सीएनजी असेल तर त्याचा वेगळा. साधे निकेलचे प्लग आणि इरिडियमचे प्लग यांच्या आयुष्यात मोठा फरक असतो, तेव्हा गाडीत कोणते आहेत तेही बघा.

वॉशिंगला दिल्यावर बॉनेट उघडून इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

गाडी मिसिंग मारायला लागली तर तशीच दामटू नका. कोड वाचा, स्क्रीनशॉट काढा, तो घेऊन गॅरेजला जा. जळलेलं नाही ते इंधन सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, आणि तो प्लगच्या कितीतरी पट महाग आहे.

प्लग बदलताना दोन प्रश्न विचारा: इंजिन थंड आहे का, आणि टॉर्क रेंच आहे का? प्लग तुटलाच तर ‘आत्ता ओढून काढू नका, तेल टाकून थांबा, गाडी उद्या घेतो’ असं स्वतःहून सांगा. मेकॅनिकला घाई बहुतेक वेळा तुमच्यामुळेच असते.

बिल घ्या. अगदी छोट्या गॅरेजमधूनही किलोमीटर, तारीख आणि बसवलेल्या भागाचं नाव लिहून घ्या. कुणी सरसकट वॉरंटी नाकारली, तर कारण लेखी मागा: कोणत्या कामामुळे कोणतं नुकसान झालं? लेखी मागितलं की उत्तर बऱ्याचदा बदलतं. नाहीच बदललं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आणि रिपेअरेबिलिटी इंडेक्सची चर्चा पुन्हा येईल तेव्हा मोबाइलच्या स्क्रीन आणि बॅटरीवर थांबू नका. त्यात गाडी कधी येणार, आणि गुण देताना वर्कशॉप मॅन्युअल खुलं आहे की नाही हे बघणार का, असं विचारा. एलबीएस मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत जी गॅरेजं आहेत, ती या शहरातल्या हजारो कॅब आणि रिक्षा चालू ठेवतात. त्यांच्याकडे हात आहेत, अनुभव आहे, आता फोनला लागणारा कॅमेराही आहे. कमी आहे ती काही पानांची. ती पानं कंपन्यांकडे आधीच लिहून तयार आहेत.